विद्यापीठातल्या प्रोजेक्टवर काम करायचंय? जाहिरातीपासून डेटा सुपूर्द करेपर्यंत

दरवर्षी एम.एस्सी.चे निकाल लागले की आमच्या पर्यावरणशास्त्र विभागात मुलं-मुली डोकावतात. प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, कुठे प्रोजेक्टवर जागा आहे का?" ही नोकरी म्हणजे नक्की काय, ती मिळते कशी आणि मिळाल्यावर नीट करायची कशी, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. मी कराडहून पुण्यात आले ती अशाच एका प्रकल्पावर, नदीच्या पाण्याचे नमुने गोळा करायला. आता त्याच कामाची देखरेख करते आणि नवीन भरतीच्या मुलाखतींनाही बसते. त्यामुळे इथली उदाहरणं नदीची आणि प्रयोगशाळेची आहेत. तुमचं काम मातीवर, हवेवर किंवा झाडांवर असलं, तरी नोंदी आणि विश्लेषणाबद्दल जे लिहिलंय ते जवळपास तसंच लागू पडेल.

पद कोणतं आणि पैसे कोणाचे

'जेआरएफ' (ज्युनिअर रिसर्च फेलो) हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि त्यावरून फार घोळ होतो. सीएसआयआर किंवा यूजीसीची नेट परीक्षा देऊन जी जेआरएफ मिळते ती तुमच्या नावावर असते. मार्गदर्शक आणि संस्था ठरवून तुम्ही ती सोबत नेता. प्रोजेक्ट जेआरएफ हे पद मात्र प्रकल्पाचं असतं. प्रकल्प संपला की पद संपलं. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफचं मानधन महिना ३७,००० रुपये आणि एसआरएफचं (सीनिअर रिसर्च फेलो) ४२,००० रुपये केलं. त्यावर शहराच्या वर्गानुसार घरभाडे भत्ता मिळतो, पुणे आणि मुंबई वरच्या वर्गात येतात. प्रोजेक्ट असिस्टंट किंवा फील्ड असिस्टंटला याहून कमी मिळतं, पण त्या पदांना बहुतेक वेळा नेटची अट नसते. नेट झालेलं नाही म्हणून अर्जच न करणारी कितीतरी चांगली मुलं मी पाहते. जाहिरात पूर्ण वाचा. 'आवश्यक' आणि 'प्राधान्य' या दोन रकान्यांमध्ये पुष्कळ फरक असतो.

पैसा विद्यापीठाचा नसतो. डीएसटी (विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग), डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग), आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद), राज्याचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग किंवा २०२३ च्या कायद्याने आलेलं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, यांपैकी कोणाकडून तरी तो हप्त्याहप्त्याने येतो. आधीच्या वर्षाचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे कसे खर्च झाले याचा दाखला, गेलं की पुढचा हप्ता सुटतो. मधल्या काळात काही महिने मानधन अडकणं सर्रास घडतं आणि नंतर ते एकदम जमा होतं. ज्यांना महिन्याच्या महिन्याला घरी पैसे पाठवायचे असतात त्यांची यात फार ओढाताण होते, आणि ही व्यवस्था सुधारायलाच हवी असं माझं ठाम मत आहे. तोवर तुमच्या हातात एवढंच आहे: रुजू होण्याआधी त्या प्रकल्पावर आधी काम केलेल्या कोणाला तरी गाठा आणि मानधन वेळेवर येत होतं का, ते सरळ विचारा.

अर्ज आणि मुलाखत

जाहिराती वर्तमानपत्रात क्वचितच दिसतात. विद्यापीठाच्या आणि संस्थांच्या संकेतस्थळांवर भरतीचं वेगळं पान असतं. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठ, आयसर, एनसीएल, आघारकर संस्था, आयआयटीएम, नागपूरला नीरी, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ, गोव्यात गोवा विद्यापीठ आणि दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. ही पानं आठवड्यातून एकदा उघडायची सवय लावा. अर्जाची मुदत बऱ्याचदा दोन-तीन आठवड्यांचीच असते.

बायोडेटा दोन पानांत बसवा. त्यात 'विविध उपकरणांची माहिती' असं मोघम लिहू नका. कोणतं उपकरण, कशासाठी वापरलं आणि स्वतः हाताळलं की नुसतं पाहिलं, हे लिहा. सोबतच्या पत्रात त्या प्रकल्पाबद्दल निदान एक वाक्य असं हवं, जे दुसऱ्या कुठल्याही अर्जात चालणार नाही. प्रकल्पप्रमुखांचे जुने लेख गूगल स्कॉलरवर सापडतात. त्यातला एक वाचून जा. सारांश वाचून भागत नाही, पद्धतीचा भाग वाचा, कारण तुम्हाला करायचं असतं तेच.

मुलाखतीत आम्ही पहिल्यांदा एम.एस्सी.च्या प्रबंधाबद्दल विचारतो. तिथेच निम्मा निकाल लागतो. "नमुने किती घेतले? तेवढेच का? ती जागा का निवडली?" याला "सरांनी सांगितलं" असं उत्तर आलं की पुढे बोलणं खुंटतं. "गाडीची सोय तेवढीच होती म्हणून तीनच ठिकाणं घेतली, आणि म्हणून निष्कर्ष मर्यादित ठेवला," असं कोणी म्हणालं की मी खुर्ची पुढे सरकवते. कारण खरं आहे, मर्यादा कळलेली आहे, एवढं पुरेसं असतं. इंग्रजीची धास्ती घेऊन येणाऱ्यांसाठी एक सांगते. आपला प्रबंध पाच वाक्यांत इंग्रजीतून मोठ्याने म्हणायचा सराव करून या. पुढे अडलं तर "मराठीत सांगू का?" असं विचारायला संकोचू नका. आमच्या इथे त्याने गुण कमी होत नाहीत.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असं म्हणतात तेव्हा गप्प बसू नका. प्रकल्पाची किती मुदत उरली आहे, त्यावर पीएच.डी.ची नोंदणी करता येईल का, फील्डचा खर्च आधी मिळतो की बिलं लावल्यावर, आणि तुम्ही केलेल्या कामावर लेख निघाला तर लेखकांत नाव असेल का, हे विचारा. नीट विचारलं तर कोणालाही राग येत नाही. आणि आलाच, तर रुजू होण्याआधी ते कळलेलं बरं.

नदीवर

नोकरीचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुठा नदीवर विठ्ठलवाडीला पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा आहे, असं धरा. पद्धत विंकलरची. हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी ती १८८८ मध्ये मांडली, आणि आजही मीटर बरोबर दाखवतोय का हे ताडून पाहायला आम्ही तीच वापरतो. ३०० मिलिलिटरची काचेची बीओडी बाटली (बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्याचं माप) पाण्याखाली तिरपी धरून हळू भरायची. बूच लावल्यावर आत एकही बुडबुडा राहता कामा नये, कारण त्या बुडबुड्यातल्या हवेतला ऑक्सिजन तुमच्या मोजणीत शिरतो. मग तिथेच, काठावर, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घालायचं. नदीत सांडपाणी असतं, त्यातला नायट्राइट मोजणी बिघडवतो, त्याचा बंदोबस्त अझाइड करतं. बाटली उलटसुलट हलवली की तपकिरी साका दिसतो. साका पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन नाही. हे काम 'लॅबमध्ये जाऊन करू' म्हणून पुढे ढकललं, तर सिंहगड रोडच्या रहदारीत अडकलेल्या त्या बाटलीतले जिवाणू ऑक्सिजन खात बसतात आणि तुम्ही मोजता ते नदीचं पाणी नसतं. साका बसलेला नमुना मात्र लॅबपर्यंत टिकतो. तिथे सल्फ्युरिक आम्ल घालून सोडियम थायोसल्फेटने टायट्रेशन करायचं, म्हणजे ब्युरेट या खुणांच्या नळीतून ते थेंबथेंब सोडून मोजायचं. रंग फिका पिवळा झाल्यावरच स्टार्च घाला, निळा रंग गेला की थांबा. ०.०२५ नॉर्मल द्रावण आणि २०० मिलिलिटर नमुना घेतला, तर ब्युरेटचा जेवढा मिलिलिटर आकडा तेवढेच लिटरमागे मिलिग्रॅम.

आता त्या आकड्याकडे बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात आंघोळीयोग्य पाण्याला लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. समजा, सकाळी साडेसहाला तुम्हाला ३.८ मिळाला आणि दुपारी तीनला त्याच जागी ६.४. दोन्ही आकडे खरे आहेत. रात्रभर शेवाळ आणि जिवाणू श्वसन करतात, ऑक्सिजन उतरतो. दिवसा शेवाळाचं प्रकाशसंश्लेषण चालतं, तो चढतो. म्हणजे नमुना किती वाजता घेतला हे लिहिलं नसेल, तर नदी आंघोळीयोग्य की अयोग्य हे गाडी किती वाजता मिळाली त्यावर ठरेल. म्हणून वेळ लिहायची, आणि तीही बाटली बुडवली त्या मिनिटाची. शक्य असेल तर दर फेरीला तीच वेळ पाळायची.

फील्डच्या वहीत शिसपेन्सिलीने लिहा, शाई भिजली की पसरते. तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, पाण्याचा रंग आणि वास, आदल्या दिवसाचा पाऊस आणि आसपास चाललेलं काहीही: वरच्या अंगाला पोकलेन गाळ काढतोय, काठावर गोधड्या धुतल्या जातायत, पाण्यावर फेस आहे. काठावरच्या माणसांशी बोला. "ताई, परवा रात्री पाण्याला वेगळाच वास आला होता," असं कपडे धुणाऱ्या मावशींनी सांगितलं, तर ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. पुढे आलेखावर एखादा विचित्र ठिपका दिसतो, तेव्हा त्याचं कारण बहुतेकदा असल्याच एखाद्या ओळीत मिळतं. चुकलं तर खोडरबर वापरू नका. एक रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला सही आणि तारीख.

प्रत्येक फेरीला डिस्टिल्ड पाण्याची एक बाटली सोबत न्या. काठावर उघडा, बाकीच्यांसारखीच हाताळा, लॅबमध्ये तपासा. तिच्यात नायट्रेट सापडलं, तर तो तुमच्या हातांतून, बाटलीतून किंवा रसायनातून आलाय. एका ठिकाणी नमुना दुहेरी घ्या. जड धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्ल, बाकीच्या बर्फात, जिवाणूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक आणि त्याच दिवशी लॅबमध्ये.

दिवस निवडतानाही हिशोब लागतो. आपल्या भारतीय मानकात बीओडी २७ अंशांवर ३ दिवस ठेवून मोजतात. जुनी पद्धत २० अंशांवर ५ दिवसांची होती आणि परदेशी लेखांत अजून तीच दिसते. गुरुवारी नमुने लावले तर रविवारी कोणाला तरी यावं लागणार. म्हणून आम्ही सोमवार-मंगळवार किंवा शुक्रवार धरतो. तक्त्यात नुसतं 'बीओडी' न लिहिता दिवस आणि तापमान लिहा, म्हणजे वाचणारा दुसऱ्या पद्धतीचे आकडे त्याच रांगेत बसवणार नाही.

पावसाळ्यात खडकवासला धरणातून विसर्ग सुरू आहे का, हे पाहिल्याशिवाय पात्रात पाऊल टाकू नका. एकट्याने जायचं नाही, मुलींनीही नाही आणि मुलांनीही नाही. हातमोजे आणि गमबूट घाला, पायाला जखम असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका, लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका खरा असतो. मुलींसाठी आणखी एक, जे कोणी सांगत नाही: फेरी आखतानाच वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे ते ठरवून गाडीच्या मार्गात घाला, आणि तसं सरांना स्पष्ट सांगा. दिवसभर पाणी न पिता काम करणं हा त्यावरचा उपाय नाही. जंगलात किंवा अभयारण्यात काम असेल तर वन विभागाची लेखी परवानगी आधी लागते. ती नागपूरहून यायला वेळ लागतो, म्हणून प्रकल्पाच्या पहिल्याच महिन्यात अर्ज करा.

संगणकावर

वहीतले आकडे त्याच दिवशी भरा. आठवड्याने भरायला बसलं की आपलंच अक्षर लागत नाही, १ आणि ७ मध्ये गफलत होते. एका ओळीत एक नमुना, एका रकान्यात एकच गोष्ट. रंग भरून अर्थ दाखवू नका, पिवळा म्हणजे काय हे पुढच्या माणसाला कळणार नाही. नमुन्याला '३-२' असा क्रमांक दिलात, तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतं आणि मूळ क्रमांक गेला तो गेला. हा त्रास जगभर आहे. 'मार्च१', 'सेप्ट१' अशी नावं असलेली जनुकं एक्सेलमध्ये तारखा होऊन बसायची, म्हणून २०२० मध्ये नामकरण समितीने शेवटी जनुकांचीच नावं बदलली. तेव्हा क्रमांक अक्षरांनी सुरू करा आणि तो रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा.

उपकरणाला जे मोजता आलं नाही ते शून्य नसतं. मोजण्याची खालची मर्यादा ०.०५ असेल तर '०.०५ पेक्षा कमी' अशी खूण वेगळ्या रकान्यात ठेवा. मोजलंच नाही तर रकाना रिकामा, आणि का मोजलं नाही ते शेऱ्यात. या दोन्हींच्या जागी शून्य घातलं की सरासरी खाली घसरते आणि नदी आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसते.

मूळ फाईल एकदा भरून तपासली की तिला कुलूप लावा, म्हणजे ती फक्त वाचता येईल अशी करा. पुढचं सगळं प्रतीवर, आणि माउसने न करता प्रोग्रॅम लिहून. आर किंवा पायथन, दोन्हींपैकी एक शिका. दोन्ही फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात. आर ऑकलंडच्या विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन शिक्षकांनी तयार केली, आणि आकडेवारीच्या कामाला मला तीच जास्त हाताशी वाटते. प्रोग्रॅम असला की सहा महिन्यांनी "हा आकडा कसा आला?" असं कोणी विचारलं, तर ओळ दाखवता येते.

विश्लेषणाची सुरुवात चाचण्यांनी करू नका. आधी आलेख काढा. खडकवासल्यापासून संगमापर्यंतची ठिकाणं आडवी मांडा, प्रत्येक महिन्याची वेगळी रेघ. वर्षभराची एकच सरासरी काढली तर पावसाळ्यातलं भरपूर पाणी आणि मे महिन्यातलं सांडपाणी एकमेकांत मिसळून जातं आणि हाती काहीच राहत नाही.

नमुन्यांची संख्या मोजताना फार जपा. एका बाटलीतून तीन टायट्रेशनं केली, तर त्यावरून तुमच्या हाताची अचूकता कळते. नदीचे नमुने तीन झाले असं होत नाही, तो एकच राहतो. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये परिसंस्थाशास्त्रातल्या प्रयोगांमधल्या याच दोषावर बोट ठेवलं, तरी माझ्याकडे तपासायला येणाऱ्या प्रबंधांत तो अजून वारंवार दिसतो.

दुसऱ्याचा डेटा आपल्याशी जोडताना त्याची मोजायची रीत आधी समजून घ्या. पावसाचंच बघा. हवामान विभागाचा एखाद्या तारखेचा पाऊस म्हणजे आदल्या दिवशी सकाळी साडेआठपासून त्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतचा. तुम्ही गुरुवारी सकाळी सातला नमुना घेतलात, तर शिवाजीनगरच्या वेधशाळेने, म्हणजे आपल्या सिमला ऑफिसने, गुरुवारच्या नावावर लिहिलेला पाऊस जवळजवळ सगळा तुमच्या नमुन्याच्या आधी पडलेला आहे. बुधवारचा पाऊस जोडलात तर एक दिवस मागे गेलात. असल्या एका दिवसाच्या फरकाने 'पावसाचा परिणाम दिसत नाही' असे निष्कर्ष निघतात.

आणि दोघं मिळून काम करत असाल, तर प्रशांतचंद्र महालनोबिस यांची एक पद्धत जरूर वापरा. १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था उभी करणाऱ्या महालनोबिसांनी बंगालमधल्या पिकांच्या पाहण्यांत दोन तुकड्यांना एकाच भागात वेगवेगळे नमुने स्वतंत्रपणे घ्यायला लावले. दोघींचे आकडे जुळले तर विश्वास वाढतो. जुळले नाहीत, तर फरक शेतात आहे की मोजणाऱ्यात, याचा शोध सुरू होतो. आमच्याकडे महिन्यातून एक फेरी दोन मुली वेगवेगळ्या बाटल्या घेऊन करतात आणि लॅबमध्ये येईपर्यंत एकमेकींचे आकडे बघत नाहीत. पहिल्या काही फेऱ्यांत फरक येतोच. कोणाचं ब्युरेट डोळ्यांच्या पातळीत नसतं, कोणी निळा रंग पूर्ण जाण्याआधी थांबतं. कोणालाही न दुखावता हे सुधारता येतं, कारण दोष आकड्यांतून समोर आलेला असतो.

कधी प्रकल्पप्रमुखांना हवा तसा निकाल येत नाही आणि "हा ठिपका काढून बघ," असं सहज सुचवलं जातं. ठिपका काढायला वहीत कारण हवं: बाटलीत बुडबुडा होता, बर्फ वितळला होता. कारण असेल तर काढा आणि लेखात तसं लिहा. नसेल तर वही उघडून समोर ठेवा आणि शांतपणे सांगा, "सर, यात काढण्यासारखं काही सापडलं नाही." बहुतेक प्रमुखांना हेच हवं असतं, घाईत ते तसं बोलून गेलेले असतात.

जाताना

पीएच.डी. मिळाली, दुसरी नोकरी लागली किंवा प्रकल्प संपला, तर निदान महिनाभर आधी सांगा. शेवटचे दोन आठवडे सुपूर्द करण्यासाठी राखून ठेवा. फील्डच्या वह्या विभागात राहतात, त्यांचे फोटो काढून ठेवायला परवानगी मागा. मूळ फाईल, प्रोग्रॅम आणि एक साधी मजकूर फाईल एकाच फोल्डरमध्ये ठेवा. त्या मजकूर फाईलमध्ये प्रत्येक रकान्याचं नाव, एकक, पद्धत आणि उपकरणाचं मॉडेल लिहा, आणि कोणत्या महिन्यात मीटर दुरुस्तीला गेला होता तेही. मग तुमच्या जागी येणाऱ्याला सोबत बसवा आणि त्याच्याकडून एक आलेख सुरुवातीपासून काढून घ्या. तो जिथे अडेल तिथे फाईलमध्ये ओळ वाढवा.

अनुभवाच्या प्रमाणपत्रावर फक्त तारखा आणि पदाचं नाव असतं, तेवढ्यावर भागवू नका. कोणती मोजमापं केली, कोणती उपकरणं चालवली, विश्लेषण कशात केलं, याचा एक परिच्छेद तुम्हीच लिहून न्या आणि तो प्रमाणपत्रात घालण्याची विनंती करा. लेख अजून निघायचा असेल, तर त्यातला तुमचा वाटा काय होता हे प्रकल्पप्रमुखांना ई-मेलने कळवून ठेवा आणि विद्यापीठाचा पत्ता बंद होण्याआधी त्यांना तुमचा कायमचा ई-मेल द्या.